सावलीत वाळवलेला अर्ज

कुठलीही गोष्ट ओली असताना तिचा निकाल लावू नये, एवढ्या एका तत्त्वावर अख्खी नोकरी काढणारा माणूस जगात एकच, आणि तो म्हणजे आमचे मातीचे सर. शिकवायचे मृदाशास्त्र, पण कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे त्यांना मातीचे सरच म्हणत. शेतातून आणलेला नमुना आधी सावलीत वाळवायचा, मग कुटायचा, मग चाळायचा, हा प्रयोगशाळेतला नियम. सरांनी तो संसारालाही लावला होता. कुणी भांडून आलं, की "आधी सावलीत बसा." तातडीचं पत्र आलं, की ते ढेकळांशेजारी वर्तमानपत्रावर पसरायचे आणि आठ दिवसांनी उचलायचे. तोवर बरीच पत्रं आपसूक निकालात निघालेली असत.

खिशात कायम ढेकूळ. एकदा क्रांती चौकात वाहतूक पोलिसानं लायसन मागितलं, तर खिशातून तेच निघालं. सरांनी ते त्याच्या हातावर ठेवून त्याला गाव विचारलं. दहा मिनिटांनी तो पोलीस आपल्या विहिरीजवळच्या, पाणी न मुरणाऱ्या चोपण जमिनीवर इलाज विचारत होता, आणि मागं गाड्या शंख करत होत्या.

मी एम.एस्सी.ला आले त्या वर्षी कॉलेजला विद्यापीठ व्हायचे डोहाळे लागले होते, तेही आंतरराष्ट्रीय. सुदान, येमेनची मुलं आली आणि सगळे तास इंग्रजीतच घ्यायचा आदेश निघाला. सरांनी तोही वाळत घातला, पण हा काही वाळून उडाला नाही. मग सर इंग्रजी बोलू लागले. चिखलातून पाऊल टाकावं, तसं एकेक वाक्य जपून टाकायचे.

मी वैजापूरकडच्या खेड्यातली. दोन महिन्यांत 'येस सर'पलीकडं तोंड उघडलं नाही. घरी परतले, तर वर्षाच्या आत लग्न ठरलेलं, हे पक्कं ठाऊक होतं. तरी शेवटी हरले आणि प्रवेश रद्द करायचा अर्ज लिहिला.

सरांनी तो वाचला, वर्तमानपत्रावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार ढेकळं ठेवली.

"लई ओला हाय गं बाई हा. आठ दिवस वाळू दे, मग चाळू."

मला असा संताप आला म्हणून सांगू. इथं माझा जीव चाललाय आणि यांना गंमत सुचतेय.

दुसऱ्या दिवशी सरांनी हजेरीची रीत बदलली. 'येस सर' बंद. नाव आलं, की प्रत्येकानं उठून आपल्या गावची माती सांगायची, इंग्रजीत. सुदानचा एक लांबलचक मुलगा उठला. म्हणाला, आमची काळी. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात पाय सोडत नाही. पुढं त्याला शब्द सुचेना, म्हणून त्यानं चिखलातला जड पाय ओढून दाखवला. वर्ग हसला. मी एकदम उभी राहिले.

"सर, ही तर आमचीच माती."

"इंग्लिश प्लीज," सर म्हणाले. "आदेश हाय, बाई."

मग भेगेत शेळीचा पाय कसा अडकतो, ते मी सांगितलं. क्रियापदं वाटेल तिथं पडली असतील, पण थांबले नाही. तो मुलगा जोरजोरात मान डोलवत होता. त्यांच्याकडंही शेळीच अडकायची.

आठ दिवसांनी मी अर्ज मागायला गेले नाही. सरांनीही कधी विषय काढला नाही.

शिकून मी इथंच नोकरीला लागले. मागच्या महिन्यात सर निवृत्त झाले. त्यांचा तास आता मी घेते, इंग्रजीत, आणि हजेरी त्यांच्याच रीतीनं. परवा त्यांचं कपाट आवरताना गुलमंडीच्या बाजारात शिवून घेतलेली माती-नमुन्याची एक पिशवी निघाली. आत माझा अर्ज. पिशवीला चिठ्ठी बांधलेली, त्यावर माझं नाव, माझं गाव. खाली दर वर्षाची तारीख आणि प्रत्येक तारखेपुढं सरांच्या बारीक अक्षरात एकच शेरा: 'अजून ओला'. शेवटची तारीख त्यांच्या निरोपाच्या दिवसाची होती.

आधी हसू आलं, मग रडू आवरेना. सरांची फार आठवण आली. पिशवी पुन्हा बांधली आणि होती तिथंच, सावलीत ठेवून दिली.