उजवं पेडल

लव्हॉन शाफर्ट कुणावर विश्वास ठेवत नसे, आणि त्याचाच तिला पगार मिळत असे. नेब्रास्कातल्या त्या गावी धान्यकोठारापाशी मक्याचे ट्रक तोलायचा काटा होता, तिथल्या खोलीत ती तरुणपणापासून तोलायला बसत आलेली. भरला ट्रक तोलताना आत बसलेला आणि रिकामा तोलताना हळूच खाली उतरलेला ड्रायव्हर, ओल्या मक्यावर पसरलेला कोरड्याचा थर, असल्या सगळ्या लबाड्या तिने पाहून ठेवल्या होत्या. शेतकरी तिच्या माघारी म्हणत, ही बाई स्वर्गाचं दार राखणाऱ्या सेंट पीटरलासुद्धा आधी काट्यावर उभा करील.

अशा बाईने पन्नाशी ओलांडल्यावर विमान उडवायला शिकायला घेतलं. काट्याच्या खिडकीतून रस्त्यापलीकडची धावपट्टी दिसायची. पिकांवर फवारणी करणारी, हौशी लोकांची छोटी विमानं तिथून वर जायची. एकदा तरी आपण एकटीने असं वर जावं, शेजारी कुणी नको, सांगणारं कुणी नको, एवढीच तिची इच्छा होती. त्यासाठी तिने आणि नवऱ्याने, ड्वेनने, उन्हाळ्यात तळ्यावर न्यायची चाकांवरची खोली विकून टाकली. ड्वेन तेव्हा हसत हो म्हणाला खरा, पण अंगणातल्या त्या मोकळ्या जागेकडे तो अजून अधूनमधून बघायचा.

पहिल्या शिक्षकाने तिला निम्मं शिकवलं आणि मोठ्या विमान कंपनीत नोकरी लागताच तो गेला. दुसरा आला, तो म्हणाला, माझी पद्धत वेगळी, आपण पहिल्यापासून करू. तोही गेला. मग तिसरा, आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या. या पोरांना शिकवण्यात रस कमी. शिकाऊ माणसाच्या भाड्याने मोठ्या नोकरीसाठी लागणारे स्वतःच्या उड्डाणाचे तास जमवायचे आणि पसार व्हायचं, हे तिने केव्हाच ताडलं होतं. भाड्याचं मीटर इंजिन सुरू झालं की फिरू लागे, विमान जमिनीवर दुसऱ्या विमानाची वाट बघत उभं असलं तरी. हवा चांगली असली की विमान दुरुस्तीला, आणि विमान धड असलं की वारा बोकाळलेला.

तिसरा शिक्षक कोल्बी, चोविशीतला, अतिशय नम्र. तिला त्या नम्रतेचाच आधी संशय आला. विमान टेकलं की म्हणायचा, "वा मॅडम, लोण्यासारखं!" आणि एकटीने कधी जाऊ म्हटलं की, "थोडं थांबू या."

एके संध्याकाळी ती ड्वेनपुढे मांस-कोबीचं सारण भरलेले पाव आदळत म्हणाली, "माझ्या मागून आलेली पोरं एकटी उडून आली. मी अजून त्या कोल्बीला शेजारी घेऊन फिरतेय. लोण्यासारखं उतरवते ना मी? मग सोडत का नाही? कुठेतरी पाणी मुरतंय."

"अगं, त्याला तास हवेत, दुसरं काय," ड्वेन म्हणाला. "पण उतरवतेस झकास हं. त्या रविवारी कुंपणापाशी उभं राहून मी टोपी उडवली होती, आठवतं? साला, डोळ्यांत पाणी आलं माझ्या."

लव्हॉन खूश झाली. पण रात्री तिला वाटलं, त्या रविवारी इतका आडवा वारा असताना आपण खरंच इतकं झकास उतरवलं?

काट्यावर एखाद्याचा संशय आला की ती काही बोलत नसे, गुपचूप पुन्हा तोलून घेई. इथेही तिने तेच केलं. पुढच्या धड्याला डावीकडून बेताचा वारा होता. अशा वाऱ्यात विमान नाक वाऱ्याकडे वळवून, तिरकं खाली येतं. टेकायच्या आधी उजवं पेडल दाबून ते सरळ करावं लागतं. धावपट्टी जवळ आली तशी लव्हॉनने दोन्ही पाय पेडलांवरून उचलले आणि विमानाच्या तळावर सपाट ठेवले. मग जे कुणीही करू नये ते तिने केलं. समोर बघायचं सोडून खाली पाहिलं.

तिच्यासमोरचं उजवं पेडल पायाशिवाय आपलं आपण खाली गेलं. नाक सरळ झालं, चाकं अलगद टेकली.

"वा मॅडम! आजचं सगळ्यात छान!"

तिने बाजूला थांबून इंजिन बंद केलं. "माझे पाय बघ कोल्बी. कुठे आहेत?"

कोल्बीने पाहिलं आणि त्याचे कान लाल झाले. दोन्हीकडची पेडलं आतून जोडलेली असतात, त्याने आपलं दाबलं की तिचंही खाली जाई; लपवायला काही जागाच नव्हती.

"किती दिवस?"

"पहिल्यापासून," तो म्हणाला. "माझे आधीचे दोन विद्यार्थी विमान आपटल्यावर घाबरले आणि परत आलेच नाहीत. विमानांचे मालक म्हणाले, बाईंना खूश ठेव. तुम्ही गेला असता तर माझे तास बंद झाले असते, मॅडम. आधी थोडंसंच दाबायचो. मग सवय झाली."

लव्हॉनला वाटलं याच्या थोबाडीत द्यावी. भाड्याचं तिला एवढं वाटलं नाही. ड्वेनने टोपी उडवली होती ती या पोराच्या पायांसाठी, हे तिला लागलं. तिला रडू आलं आणि ते त्याच्यादेखत आलं, याचा आणखी संताप आला.

"हात मांड्यांखाली घे," ती डोळे पुसत म्हणाली. "पाय मागे, सीटला लाव. मी मेले तरी हलवायचे नाहीत."

"मॅडम, तेवढं मला—"

"बरं, मरायला लागले तर हलव. एरवी नाही."

दोघं पुन्हा वर गेली. खाली येताना तिने पेडल उशिरा दाबलं, मग जास्त दाबलं. विमान टेकलं, उसळलं, पुन्हा आपटलं. टायर किंचाळले, एक चाक कडेच्या गवतात जाऊन आलं. मग कसंबसं थांबलं. कोल्बी पांढराफटक पडला होता, पण हात मांड्यांखालीच होते.

"कसं उतरवलं?" तिने दरडावून विचारलं.

"भयंकर, मॅडम. मी पाहिलेलं सगळ्यात वाईट."

लव्हॉनने त्याच्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिचा त्याच्यावर विश्वास बसला.