ताईच्या माहितीपत्रातले अलंकार

साठ सालाच्या आगेमागे, अमरावतीच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना, मला अलंकारांची बाधा झाली. आमच्या घरात माझ्याआधी कोणी सहावीच्या पुढे गेलं नव्हतं. त्यामुळे सर वर्गात जे देतील त्यातला कणही सांडू द्यायचा नाही, असा माझा नेम होता. उपमा शिकवली त्या आठवड्यात मी वसतिगृहातल्या वरणाला नदीची उपमा दिली. अतिशयोक्ती शिकवली तेव्हा त्याच वरणात आमचा एक सोबती बुडता बुडता वाचल्याचं सांगितलं. एक स्वभावोक्ती तेवढी मला पटली नाही. जे जसं आहे तसंच सांगायचं, तर त्यात अलंकार कसला? ते पान मी सोडून दिलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत भातकुलीकडच्या आमच्या गावी गेलो, तर ताईच्या लग्नाची बोलणी निघाली होती. धम्मदीक्षा घेतल्यापासून आमच्यात पत्रिका पाहणं बंद झालं होतं. त्याऐवजी मुलीकडचे बापाच्या नावानं एक माहितीचं पत्र पाठवत. ते लिहायचं काम गावातल्या शिकलेल्या माणसाकडे येई, आणि आता तो माणूस मी होतो. मुलगा अकोल्याच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. ताईनं त्याला एका लग्नात पंगत वाढताना पाहिलं होतं. मला बाजूला घेऊन ती म्हणाली, "नीट लिवजो. मले तो पसंत आहे. पन कोनाले सांगू नोको."

नीट म्हणजे किती नीट, ते मी ठरवलं. दोन दिवस खपून मी पत्र सजवलं. तिच्या हातची भाकरी म्हणजे पौर्णिमेचा चंद्र, हे रूपक. ती मळ्यात उतरली की वांगी लाजून माना खाली घालतात, ही चेतनगुणोक्ती. आणि शेवटी, ज्याचा मला सगळ्यात जास्त अभिमान होता, ती व्याजस्तुती, म्हणजे निंदा करतो असं दाखवून केलेली स्तुती. मी लिहिलं, 'मात्र एक दोष सांगितला पाहिजे. आमची मुलगी अट्टल चोर आहे. घरी येणाऱ्या प्रत्येकाचं मन ती चोरते.'

पत्र मी बाबांना वाचून दाखवलं. त्यांना अक्षरओळख नव्हती. ते लक्ष देऊन ऐकत राहिले आणि म्हणाले, "मले काई समजलं नाई, म्हंजे चांगलंच असन."

आठ दिवसांनी अकोल्याहून उत्तर आलं, तेही उघड्या कार्डावर. 'मुलीच्या चोरीबद्दल समक्ष बोलू. रविवारी येतो.' कार्ड आमच्या हाती पडेपर्यंत पोस्टमनसकट अर्ध्या गावानं वाचलं होतं. विहिरीवर एका म्हातारीनं ताईला विचारलं, माहा विळा दिसून नाई राहिला, तुह्या नजरेत आला काय? ताई घरी आली, रिकामी घागर माझ्या पायाशी आदळली आणि रविवारपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

मुलाचे वडील एकटेच आले. ते अकोल्याच्या कोर्टात चपराशी होते. जन्मभर साक्षीदारांना पुकारून त्यांच्या बोलण्यालाही पुकाऱ्याचा सूर आला होता. बसल्या बसल्या त्यांनी खिशातून माझं पत्र काढलं. प्रत्येक ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती. आधी ते मळ्यात गेले आणि वांग्यांसमोर थोडा वेळ उभे राहिले. माना खालीच आहेत, पण मी आल्यानंही खालीच आहेत, असा त्यांनी निकाल दिला. जेवताना भाकरी हातात धरून उजेडाकडे फिरवून पाहिली. मग बाबांना म्हणाले, "भाऊ, येनाऱ्या-जानाऱ्याचं मन चोरते, हे बापानं लिवाचं काय?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी व्याजस्तुतीची व्याख्या सांगायला लागलो. पाहुण्यांनी हात वर करून मला थांबवलं. ही कोर्टातली सवय असावी.

तेवढ्यात ताई सैपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "हे पत्र माहं नाई," ती म्हणाली. "याच्यातलं काईच खरं नाई."

पाहुण्यांनी पत्राची घडी घातली. मला वाटलं, आता ते पायताण शोधतील. पण ते म्हणाले, "मंग खरं काय ते सांग. हा लिवन. मले घरी दाखवाले काईतरी पाहिजे."

मी दौत-टाक घेऊन खाली बसलो. ताई सांगत गेली आणि मी जसंच्या तसं लिहीत गेलो. चवथी शिकली. बैल जुपता येते. भाकर चांगली होते, कधी करपते. राग लवकर येते, लवकर जाते. भावासाठी शाळा सोडली, त्याचं वाईट नाई वाटत, पन असं पत्र पाहिलं का वाटते.

इथं पाहुणे हसले. मी मान वर केली नाही. माझ्या शिक्षणाचा हा जमाखर्च मला कोणी असा कधी ऐकवला नव्हता.

मग ताई म्हणाली, "लिव. पोरगा मी पंगतीत पाहिला. मले पसंत आहे."

माझा टाक थांबला. त्या काळी मुलगी असं बापासमोर बोलत नसे. पाहुण्यांनी मात्र माझ्याकडे बोट केलं. "थांबला काहून? लिव ना. बाकी साऱ्याले पुरावा लागते. याले नाई लागत."

त्याच वैशाखात लग्न झालं. पुढच्या वर्षीच्या परीक्षेत स्वभावोक्तीवर प्रश्न आला आणि मी ताईच्या पत्रातल्या तीन ओळी उदाहरण म्हणून लिहिल्या. तेव्हा कुठे ते सोडलेलं पान मला समजलं.

माझं पहिलं पत्र ताईच्या सासऱ्यांनी परत दिलं नाही. अकोल्याच्या त्या घरात नवा जावई आला की ते काढून वाचतात. मी जेवायला बसलो की ताई तव्याशी बसून विचारते, "बापू, अर्धा चंद्र वाढू का पुरा?"