गायधनींच्या जीपची पितळी टाकी

सुधाताई गायधनींनी चंदरभाऊ तांबटांना पहिल्यांदा नीट पाहिलं ते नणंदेच्या न्हाणीघरात. त्याला आता तीसेक वर्षं झाली. नणंदेने तांबट आळीतून नवा बंब घडवून घेतला होता आणि तो पहिल्यांदा पेटवायला घडवणारा माणूस स्वतः आला होता. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात नारळाच्या शेंड्या आणि चार ढलप्या. पाणी भरण्याआधी त्यांनी बाही दुमडून हात आत घातला आणि पुरता फिरवून पाहिला. मग बंब पेटवून समोर पाट घेऊन बसले. चहा आणून दिला, तर म्हणाले, "आधी पाणी तापू द्या." तोटीतून कढत पाणी आलं, बुडाशी कुठे थेंब धरत नाही याची खात्री झाली, तेव्हा गार झालेला चहा त्यांनी एका घोटात संपवला आणि निघाले.

"हे काय, पेटवायला आम्हाला येत नाही का?" नणंद मागून म्हणाली.

"येतं ना. पण गळला तर मला दिसायला नको?" दारातून उत्तर आलं.

त्यानंतर आळीतून जाता-येता सुधाताई त्यांच्या दुकानाकडे बघत. कधी मान हलवत, कधी दोन शब्द बोलत. तेवढीच ओळख होती. ती वाढली गेल्या मार्चमध्ये, जीपमुळे.

जीप नानांची, म्हणजे सुधाताईंच्या यजमानांची. पाटबंधारे खात्यात सर्व्हेअर असताना खात्याच्या लिलावात त्यांनी ती घेतली होती आणि निवृत्तीनंतरही सोडली नव्हती. चार वर्षांपूर्वी नानांची दृष्टी गेली. अगदी अंधार नाही, पण समोरचं माणूस धुरात उभं असल्यासारखं दिसायचं. तेव्हापासून चाक सुधाताईंच्या हाती आलं. दर गुरुवारी सकाळी दोघं नाशिकहून पेठ रस्त्याने निघत, सावळ घाट चढत आणि वर भागीबाईच्या टपरीवर चहा पिऊन परत येत. भागीबाईचा नवरा एके काळी नानांच्या मोजणीची पट्टी धरायचा. घरात भिंतीला हात लावून चालणारे नाना जीपमध्ये बसले, की सरळ व्हायचे. इंजिनचा आवाज, उतार, वळण यांवरून त्यांना सगळा रस्ता कळायचा. "आता उजवीकडे आंब्याचं झाड," ते म्हणायचे, आणि झाड असायचं.

मार्चअखेर जीपच्या नोंदणीची मुदत संपत होती. तपासणी होती शुक्रवारी, अठ्ठावीस तारखेला. मुलगा गौरांग पुण्याहून येऊन स्पष्ट सांगून गेला होता, "आई, या वेळी पास झाली नाही तर भंगारात द्यायची. तू सत्तरीची झालीस. दरवेळी हा उपद्व्याप नको." सुधाताईंनी कबूल केलं होतं. आणि महिन्याच्या सुरुवातीलाच सीटखालून पेट्रोल ठिबकायला लागलं.

या जीपची टाकी चालवणाऱ्याच्या सीटखाली असते. मेकॅनिक रावजीने सीट उचलली आणि टाकीच्या बुडाला स्क्रूड्रायव्हर लावला. तो आरपार गेला.

"काकू, हिला आता डाग द्यायला जागा नाय ऱ्हायली. पत्रा नुसता पापड झालाय."

"मग नवी?"

"ह्या मॉडेलची नवी कुठं मिळतीय?" रावजीने दोन जागी फोन लावले. मालेगावच्या जुन्या बाजारातून एक टाकी आणलीही. ती दीड इंच उंच निघाली. तिच्यावर सीट ठेवून सुधाताई बसल्या, तर डोकं टपाच्या दांडीला टेकलं. "मान वाकडी करून चालवता येईल," रावजी म्हणाला. सुधाताई सीटवरून उतरल्या. दुसरी प्लास्टिकची होती, हलकी आणि देखणी, पण ती बसवायला जीपचा तळ कापावा लागला असता. नानांनी हाताने चाचपून तिचे कोपरे मोजले आणि म्हणाले, "जीपला कापून टाकीच्या मापाची करायची, हे काही मला पटत नाही."

शेवटी सुधाताईंनीच चंदरभाऊंचं नाव काढलं.

चंदरभाऊ आता बहात्तरचे. बंब कोण घेतो हल्ली! दुकानात तांब्याच्या बाटल्या, पूजेचे तांबे, घंगाळात मनीप्लँट लावणाऱ्यांसाठी घंगाळं. जुनी टाकी पाहून त्यांचे डोळे चमकले. "पितळेची करू, वहिनी. आतून कल्हई. तुमच्या नातवापर्यंत गंजणार नाही." त्यांनी ती टाकी पाण्याने भरून, रिकामी करून, सोड्याने धुऊन आठ दिवस उन्हात उपडी घातली. वास पुरता गेल्यावरच कापली. मग जीपपाशी येऊन साडीच्या खोक्याचे पुठ्ठे कापून सीटखालच्या खाचेचं माप घेतलं. सुधाताईंना सीटवर बसवलं, पाय ब्रेकवर ठेवायला लावला आणि गुडघ्यामागची जागा बोटांनी मोजली.

"ब्लाऊज शिवताय की टाकी करताय?" नानांनी विचारलं.

"माप दोन्हीला लागतं, नाना."

टाकी झाली ती बघायला आळीतले शेजारी जमले. कोपरे असे वळवलेले की सांधा शोधावा लागे. तोंड बंद करण्याआधी चंदरभाऊंनी सुधाताईंना हात आत घालायला सांगितला. आत कल्हई गुळगुळीत, कुठे काही अडत नव्हतं. "भांडं असं पाहिजे," ते म्हणाले. "आतून हात फिरला पाहिजे." चोवीस तारखेला रावजीने ती बसवली. लोखंडी पट्ट्यांनी पितळ घासू नये म्हणून चंदरभाऊंनी पट्ट्यांखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले आणि प्रत्येक नट स्वतः पुन्हा आवळून पाहिला. रावजीला ते आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या फेरीला चंदरभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून हजर. मागच्या बाकावर बसले. गावाबाहेर पडेपर्यंत सगळं छान होतं. टाकी अर्धी भरलेली होती. रस्ता वळायला लागला तसे नाना कान देऊन ऐकू लागले.

"सुधा, तुझ्या खाली काहीतरी डचमळतंय."

"पेट्रोलच असणार."

"पूर्वी नव्हतं असं."

तिसऱ्या चढाच्या वळणावर इंजिन दोनदा ठसकलं आणि बंद पडलं. मागून कांद्याचा ट्रक येत होता. सुधाताईंनी दोन्ही पायांनी ब्रेक दाबून धरला. ट्रकवाल्याने हॉर्न वाजवत, मान बाहेर काढून काहीतरी म्हणत बाजूने गाडी काढली. सुधाताईंनी जीप हळूहळू मागे घेत सपाटीवर आणली, तर ती लगेच चालू झाली.

चंदरभाऊ मागे उतरून उभे होते. शर्ट पाठीला चिकटला होता. ते सीटखाली वाकले, टाकीला कान लावला आणि नानांना म्हणाले, "जरा जीप हलवा बरं." नाना उतरले आणि दोघांनी मिळून जीप हलवली. आत पेट्रोल एका टोकाला जाऊन धडकलं, परत आलं, दुसऱ्या टोकाला धडकलं.

"परत चला, वहिनी," चंदरभाऊ म्हणाले.

गॅरेजमध्ये त्यांनी रावजीसमोरच सांगून टाकलं. जुनी टाकी कापली तेव्हा आत दोन उभे पत्रे होते, भोकं पाडलेले. "मला वाटलं, कुणा अडाण्याने पत्र्याला आधार म्हणून ठोकलेत. भांड्याच्या पोटात असली अडगळ कोण ठेवतं? काढून टाकले. कुणाला विचारलंही नाही."

रावजी आधी हसला. "आवो चंदरभाऊ, ही टाकी हाय, आंघोळीचा बंब न्हाय! त्या पत्र्यांनीच तर पेट्रोल जागेवर ऱ्हातं. न्हायतर चढावर सगळं एका अंगाला जातं अन् नळी कोरडी पडती." मग चंदरभाऊंचा चेहरा पाहून तो थांबला. "पण आता तीन दिसांवर तपासणी आलीया. काकू, मी काय म्हणतो, शुक्रवारी अशीच न्या. तिथं सपाट जागेवर बघत्यात. गळत नाय, दिसायला झ्याक हाय. पास झाली की निवांत उघडू."

सुधाताईंना ते पटलं. निदान क्षणभर पटलं. टाकी पुन्हा कापली आणि वेळेत झाली नाही, तर जीप गेली. गौरांगला दिलेला शब्द होता. आणि जीप गेली, की नाना पुन्हा भिंतीला हात लावून. त्यांनी नानांकडे पाहिलं. नाना टायरवर हात ठेवून उभे होते. सुधाताईंना त्या ट्रकचा हॉर्न आठवला.

"तपासणारे साहेब काही घाटात येत नाहीत," त्या म्हणाल्या. "पण नाना येतात. उतरव टाकी."

चंदरभाऊंनी टाकी रिक्षात मांडीवर घेऊन नेली. दुसऱ्या दिवशी, बुधवारी, सुधाताई डबा घेऊन आळीत गेल्या. टाकी धुऊन, कोरडी करून, वास घेऊन झाला होता. चंदरभाऊ तिच्याकडे बघत बसले होते. आयुष्यात त्यांनी लोकांची भांडी कितीतरी उघडली होती; स्वतःचा सांधा उघडायची ही पहिलीच वेळ. "इतका नीट केला होता, की आता सापडत नाहीये," ते म्हणाले, आणि मग एकदम हसायला लागले. सुधाताईही हसल्या. शेजारच्या दुकानातला मोतीराम ठोकणं थांबवून बघायला आला. "काय झालं?" "काही नाही. माझीच टाकी मला उघडेना."

गुरुवारी दुपारपर्यंत पितळेचे दोन पत्रे कापून झाले. त्यांना भोकं किती आणि केवढी पाडायची हे सांगायला नाना आले. सर्व्हेअरच्या सवयीने ते बोटाच्या पेराने अंतर मोजत होते आणि चंदरभाऊ खूण करत होते. जुने पत्रे भंगारात गेले होते, त्यामुळे दोघांचा वाद चांगला रंगला.

"एवढ्या मोठ्या भोकातून तर मांजर जाईल, चंदर."

"नाना, पेट्रोल तरी जायला पाहिजे ना?"

संध्याकाळी तोंडं बंद करून आत सायकलच्या पंपाने हवा भरली आणि सगळ्या सांध्यांना साबणाचा फेस लावला. एका कोपऱ्यात बारीकसा बुडबुडा आला. चंदरभाऊंनी तो सांधा पुन्हा झाळला, पुन्हा फेस लावला. या वेळी बुडबुडा आला नाही. टाकीत हात घालून बघायची आता सोय नव्हती. ते त्यांना खटकत होतं, हे त्यांच्या बोटांच्या चाळ्यांवरून सुधाताईंना कळत होतं.

शुक्रवारी सकाळी आठला रावजीने टाकी बसवली. साडेअकराला साहेबांनी सीट उचलायला लावली, पितळेकडे बघून म्हणाले, "हे कुणी केलं?" आणि उत्तराची वाट न बघता कागदावर सही केली. नोंदणी पाच वर्षांनी वाढली. सुधाताईंनी गौरांगला फोन केला. "पास झाली," एवढंच म्हणाल्या. त्याने मोठा श्वास घेतल्याचं ऐकू आलं.

पण चंदरभाऊंना त्या कागदाचं काही वाटलं नाही. पुढच्या गुरुवारी ते न बोलावता येऊन मागे बसले. टाकी मुद्दाम अर्धीच भरलेली होती. तिसरं वळण आलं तेव्हा त्यांनी पुढच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी धरली. इंजिन एका सुरात चढत राहिलं. "आता उजवीकडे आंब्याचं झाड," नाना म्हणाले. वर भागीबाईने तीन कप मांडले. चंदरभाऊंनी खाली वाकून टाकीच्या चारी कोपऱ्यांवरून बोट फिरवलं आणि मगच चहा घेतला.

त्याच्या पुढच्या गुरुवारीही ते आले. सुधाताईंनी विचारलं, "आता काय बघायचं राहिलं?" तर म्हणाले, "काही नाही. त्या बाईचा चहा चांगला असतो."

चंदरभाऊंचं दुकान पूर्वी शनिवारी बंद असायचं. हल्ली ते गुरुवारी बंद असतं.