जपानमध्ये हिरामावशीची अंघोळ

लॉजच्या मालकीणबाईंनी दोन्ही हात छातीसमोर फुलीसारखे धरले आणि मान खाली घातली. जपानमध्ये याचा अर्थ एकच होतो. प्रवेश नाही.

अडवलं होतं फक्त हिरामावशीला. खांद्यावर टॉवेल टाकून ती बायकांच्या न्हाणीच्या दारावरल्या पडद्यासमोर उभी होती. तिची सून सुरेखा आणि आमच्या ग्रुपमधल्या तळेगावच्या दोन शिक्षिका तोच पडदा सारून आत गेल्या होत्या.

मी टूर मॅनेजर. तळेगावच्या एका छोट्या ट्रॅव्हल ऑफिसतर्फे मावळातली माणसं परदेशात नेते-आणते. त्या दिवशी आमचा मुक्काम डोंगरातल्या एका जुन्या पद्धतीच्या लॉजवर होता. अशा लॉजवर माणसं येतात ती ओन्सेनसाठी. ओन्सेन म्हणजे गरम झऱ्याच्या पाण्याचा मोठा हौद. बायकांचा वेगळा, पुरुषांचा वेगळा. आधी बाहेर अंग घासून धुवायचं, मग कपड्यांशिवाय आत उतरून बसायचं. बसमध्ये हे सांगितल्यावर निम्मा ग्रुप लाजला. हिरामावशी लाजली नाही. बायाबायांत कसली आली लाज, म्हणाली. आंदर मावळात जन्मभर भातलावणी करून तिचे गुडघे गेले होते. टोकियोतल्या उंच इमारती तिनं बसच्या खिडकीतूनच पाहिल्या, खाली उतरली नाही. तिला या पाण्यात बसायचं होतं. पवनानगरला कॅम्पसाइट चालवणाऱ्या मुलानं तिला एवढ्याचसाठी पाठवलं होतं.

मी कारण विचारलं. माझं जपानी स्टेशन, जेवण आणि औषधं इतपत आहे. मालकीणबाई "जरा..." एवढंच म्हणाल्या आणि वाक्य अर्धवट सोडलं. तोंडावर नाही म्हणायचं नसलं की तिकडची माणसं असंच करतात. याला शिष्टाचार म्हणतात. मला तो कधी पटलेला नाही. ज्याला कारण सांगणं जड जातं, त्याचं कारण बहुधा सांगण्यासारखं नसतं.

माझा संशय हवेतून आला नव्हता. मी लोणावळ्याची. कुसगावकडच्या एका रिसॉर्टनं पूलवर बोर्ड लावला होता, 'स्विमिंग कॉस्च्युम सक्तीचा'. बोर्डावर कुणाच्या जातीचं, गावाचं नाव नव्हतं. पण आसपासच्या लुगड्यातल्या बायका बाहेर राहिल्या, आणि बोर्ड त्यासाठीच होता. माझे वडील त्याविरुद्ध पत्रकं वाटायचे. पत्रकांच्या घड्या घालायचं काम माझं. नियम काय म्हणतो ते नंतर वाच, आधी तो बाहेर कुणाला ठेवतो ते बघ, असं ते सांगायचे.

इथं बाहेर कोण राहिलं होतं? सावळी, नऊवारीतली, खेड्यातली म्हातारी. मला आणखी पुरावा नको होता.

मी ऑफिसच्या सरांना फोन लावला.

"सर, मावशीला रंगावरून अडवलंय."

"त्या बाई असं म्हणाल्या?"

"म्हणत नाहीत. तेच तर."

"मग अ‍ॅडजस्ट कर. रूममध्ये गरम पाण्याची बादली दे तिला."

मी फोन ठेवला. मोडक्यातोडक्या जपानीत मालकीणबाईंना बजावलं की मावशी आत जाणार नसेल तर आमच्यातलं कुणीच जाणार नाही. त्यांनी वाद घातला नाही. सरळ आत जाऊन आमच्या तिघींना बाहेर बोलावलं. सुरेखा ओल्या केसांनी, वैतागून आली. आत तुला कुणी काही बोललं का, असं मी तिला विचारलं. नाही, उलट एका म्हातारीनं साबण पुढे केला, म्हणाली. माझी केस तिथंच ढिली पडली. सुरेखा रंगानं मावशीपेक्षा सावळी आणि गाव दोघींचं एकच.

तेव्हा मालकीणबाईंनी अदबीनं, बोट न दाखवता, अख्खा तळहात मावशीच्या हातांकडे केला. कोपरापासून मनगटापर्यंत हिरवं तुळशीवृंदावन, ठिपके, वेली. हनुवटीवर एक टिकली. आता मात्र त्यांनी शब्द उच्चारला. टॅटू.

तिकडे गुंडांच्या टोळ्यांतली माणसं अंगभर टॅटू काढून घेतात. ती नकोत म्हणून बऱ्याच ओन्सेनमध्ये टॅटूला बंदी असते. हा नियम मला माहीत होता. मी बसमध्ये एकेका सीटपाशी थांबून विचारलंही होतं, कुणाच्या अंगावर टॅटू आहे का? सगळे नाही म्हणाले. मावशीही नाही म्हणाली आणि मी तिच्या त्याच हातांत पाण्याची बाटली देऊन पुढं गेले होते. गोंदण म्हणजे टॅटू, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मी मावशीला समजावून सांगितलं.

"म्हंजी म्या गुंड व्हय?"

"आत्याबाई, गावात तर कवापास्नं तेच म्हनत्यात," सुरेखा म्हणाली.

मावशी हसली. मला हसू आलं नाही. मालकीणबाईंनी कातडीच्या रंगाच्या पट्ट्या आणल्या, गोंदणावर चिकटवायला. मावशीनं हात मागं घेतले. आईनं टोचून घेतलेलं झाकायला आपण काय चोरी केली नाही, असं म्हणाली. मग मालकीणबाईंनी दुसरा मार्ग काढला. मागच्या बाजूला एक छोटा हौद होता, एका वेळी एकाच कुटुंबासाठी. तो उघडून देते, म्हणाल्या.

मागची बाजू. माझा संशय पुन्हा उठला. तेवढ्यात समोरून एक गोरा पर्यटक आला. केस ओले, आणि टॅटू बाहीतून मानेपर्यंत चढलेला. याला कसं चाललं, असं मी विचारलं. त्यानंही छोटाच हौद वापरला, असं उत्तर आलं. खरं की खोटं, मला आजही माहीत नाही. मी मावशीला म्हटलं, मागच्या दारानं जायचं नाही. आपण सगळे मिळून हे लॉजच सोडू.

मावशीनं माझं ऐकून घेतलं.

"पोरी, त्या मागल्या खोलीत पानी ह्येच हाय का?"

"हेच आहे. पण मावशी, प्रश्न तो नाही."

"तुजा नसंल. माजा त्योच हाय. मोर्चा उद्या काड, म्या बी यीन. आज गुडघं दुकत्यात."

ती आत गेली. मी दाराबाहेर बसले, कारण कुणी तिला मध्येच उठवणार नाही याची मला खात्री नव्हती. कुणी आलं नाही. मालकीणबाई माझ्यासाठी चहा घेऊन आल्या. मी त्यांना विचारलं, इथं कधी गुंड आला होता? त्यांनी बराच विचार केला. लग्न होऊन आल्यापासून एकही पाहिला नाही, म्हणाल्या.

मावशी बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा तुकतुकीत झाला होता. लय झ्याक पानी, म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बस निघण्याआधी पुन्हा जाऊन बसली.

त्या लॉजवर नंतरही मी ग्रुप नेलेत. मोठ्या हौदाचा नियम तसाच आहे. छोटा हौद मी बुकिंगच्या वेळीच मागून घेते, आणि बसमध्ये प्रश्न न विचारता म्हाताऱ्यांचे हात बघते. नियमांवर संशय घेणं मी सोडलेलं नाही, सोडणारही नाही. फक्त ज्याच्यासाठी भांडायचं, त्याला आधी विचारते. कधी कधी त्याला नुसती अंघोळ करायची असते.