स्टेशन सरळ, चौक उलटा

मुंगीला मुंगी म्हणायला आईने सुरुवात केली, तेव्हा ही पोरगी पुढे जमिनीखाली स्टेशनं काढणार आहे हे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. अंगाने एवढीशी, पायांना भिंगरी, आणि वाटेत कोणी भेटलं की थबकून दोन शब्द कानात सांगायचे नि पुढे पळायचं, मुंग्या करतात अगदी तसं. मोठी झाली, इमारतींचे नकाशे काढायला शिकली आणि भुयारी मेट्रोच्या कचेरीत लागली. त्या दिवशी थोरला भाऊ म्हणाला, "चला, मुंगीला वारूळ मिळालं!"

आई मात्र हसली नाही. "सांगून ठेवते, जिवंत आहे तोवर मी जमिनीखाली पाऊल टाकणार नाही. मेल्यावर बघू."

"अगं, लख्ख दिवे असतात. गार वारा असतो."

"दिव्यांना काय चाटायचंय? वर कोण आलं, कोण गेलं, कोण कोणाशी भांडलं, काही कळतं का तिथे? पेटीत बसल्यासारखं नुसतं!"

आईची बोलणी मुंगी एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडत असे, पण हे मधेच अडकून बसलं. कारण तिच्या वाट्याला आलेलं पहिलंच स्टेशन, आणि तेही आईच्या रोजच्या चौकाखाली.

मग तिने सकाळी कचेरीत जाण्याआधी त्या चौकात रेंगाळायला सुरुवात केली. किल्ल्या करणाऱ्याची कानस, छत्र्या नीट करणाऱ्या बाईच्या तोंडाचा पट्टा, कोपऱ्यावरच्या जनावरांच्या दवाखान्यातली कुईकुई आणि गल्लीच्या तोंडाशी बँडची वाद्यं दुरुस्त करणारे मामा. मामांचं एक होतं. ट्रंपेट नीट झालं की ते बघायला एकच धून वाजवायचे आणि नेमकी अर्ध्यात सोडायचे. ऐकणाऱ्याचा पाय उचललेला तो उचललेलाच. कोणी पुढचं विचारलं तर म्हणायचे, "दुरुस्तीचे पैसे घेतलेत, मैफिलीचे नाही."

हे सगळं मुंगी कचेरीत घेऊन यायची ते घशातून. नकला करण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. छत्रीवाली बाई करायची तर कमरेवर हात आधी जायचा, मग आवाज: "दांडी तुमची, काड्या तुमच्या, मोडलीत तुम्ही, आणि तोंड माझ्याकडे वाकडं करता होय?" डब्याच्या सुट्टीत नकाशावाली मंडळी तिच्याभोवती गोळा व्हायची.

एकदा फर्माइश झाली मोठ्या साहेबांची. साहेबांना मुद्दा सोडून दुसरं काही दिसत नसे, म्हणून त्यांचं नाव मुद्देसाहेब. मुंगीने चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला, पोट पुढे काढलं आणि सुरू झाली: "ते सगळं ठीक. उजेड ठीक, वारा ठीक. मुद्दा काय आहे? मुद्दा!" समोरचे चेहरे एकाएकी शाळेच्या प्रार्थनेला उभे राहिल्यासारखे झाले. मुंगीच्या पाठीमागून शांत आवाज आला, "चालू द्या. मुद्दा अगदी बरोबर मांडताय."

मुंगीला स्वतःच्याच नकाशातून खाली उतरावंसं वाटलं. साहेब आपल्या खोलीत गेले. जाता जाता काचेच्या दारात पोट आत ओढून पाहिलं, असं शिपाई नंतर शपथेवर सांगत होता.

या स्टेशनात मुंगीचा जीव अडकला होता तो एका झरोक्यात. तिकिटं तपासायच्या मोठ्या दालनाच्या छताला तिने एक भलंमोठं गोल तोंड ठेवलं होतं, थेट चौकात उघडणारं. वर कमरेइतका कठडा, त्याच्यावर उंच काचेची छत्री. पाऊस बाहेर राहील, पण उजेड आणि आवाज खाली उतरतील. स्लॅब पडला तेव्हा तेवढी जागा मोकळी सोडली होती आणि सध्या फळ्यांनी झाकली होती.

त्या फळ्यांवर डोळा होता गळतीकाकांचा. स्टेशनात पाणी येऊ न देणं हे त्यांचं काम. इतकी वर्षं ते काम करून त्यांना कोरडा ग्लाससुद्धा ओला दिसायचा. "भोक म्हटलं की पाणी आलंच," ते बैठकीत म्हणाले. "मी नाही म्हणत, पाणी म्हणतं."

"काका, वर छत्री आहे."

"छत्री! मुंगीताई, माझ्या उभ्या आयुष्यात न गळलेली छत्री मी पाहिलेली नाही."

मुद्देसाहेबांनी चष्मा काढला. "हे बघा. बाहेर जायचे रस्ते ठळक आहेत, पाट्या लागणार आहेत. मग भोकाचा मुद्दा काय? उद्या पाहणी आहे. खाली जाऊ, बघू, आणि परवा तेवढा स्लॅब भरून टाकू. विषय संपला."

परवा काँक्रीट पडलं की संपलंच. वाळलेलं काँक्रीट कोणाच्या बापाचं ऐकत नाही. मुंगीने घरी येऊन डबा धुवायला टाकला तो इतका आदळून, की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"कोणाचा राग आहे हा?"

"तुझ्या चौकाचं तोंड बुजवणार आहेत."

"मग तू भांड की! माझ्याशी भांडताना बरी जीभ चालते."

दुसऱ्या दिवशी तिघं डोक्यावर शिरस्त्राणं चढवून स्टेशनाच्या पार टोकाच्या कामगारांच्या जिन्याने खाली उतरली. आत माळेने टांगलेले दिवे, ओल्या सिमेंटचा वास, आणि पावलांचा आवाज आपलाच असून दुसऱ्याचा वाटावा असा. वरचं शहर जणू कोणी बंद करून खिशात टाकलं होतं.

मुद्देसाहेब रंगात होते. "या स्टेशनच्या नकाशावर माझी सही आहे. डोळे झाकून नेतो. आपण मामांच्या गल्लीच्या जिन्याने वर निघू आणि तिथेच चहा घेऊ. झरोका फळ्यांनी बंद आहे ना? उत्तम. त्याच्यावाचून माणूस बाहेर पडतो की नाही ते दाखवतो."

दालनाच्या मधोमध आल्यावर ते झोकात उजवीकडे वळले. मुंगीने मनातल्या मनात मान डोलावली. बरोबर आहे, उजवीकडेच. आणि मग तिला वाईट वाटलं, की झरोका हरला. साहेबांना खरंच वाट सापडली.

जिना चढून, पत्र्याचं दार ढकलून तिघं उजेडात आली ती कुत्र्यांच्या रांगेत. गळ्यात कर्ण्यासारखे पुठ्ठे घातलेली, पायाला पट्ट्या बांधलेली सगळी कुत्री एका सुरात भुंकू लागली. जनावरांच्या दवाखान्याचं मागचं अंगण होतं ते. आतून कंपाउंडर ओरडला, "दाराने या, दाराने! रांग आहे. तुमचा पेशंट कुठाय?"

गळतीकाकांनी निमूटपणे साहेबांकडे बोट केलं.

एरवी मुंगी हसून लोळली असती. इथे तिला हसू फुटलं नाही. "साहेब, मीसुद्धा इकडेच आले असते," ती म्हणाली. "मी काढलंय हे स्टेशन, आणि मीसुद्धा."

तिथेच एका बाकावर, आजारी बोकडाच्या शेजारी बसून तिने नकाशाची गुंडाळी उलगडली. स्टेशन म्हणजे लांबलचक डबा. कागदावर तिरका काढला तर मावत नाही. म्हणून कचेरीची जुनीच रीत, स्टेशन कागदावर सरळ ठेवायचं आणि शहर फिरवायचं. या चौकाच्या वेळी शहर फिरता फिरता पार डोक्यावर उभं राहिलं होतं. उत्तरेचा बाण कोपऱ्यात खाली तोंड करून बसला होता, आणि तो सगळ्यांनी पाहिला होता, म्हणजे कोणीच पाहिला नव्हता. भिंतीवरच्या त्या नकाशासमोर रोज चहा पिऊन पिऊन अख्ख्या कचेरीच्या डोक्यात चौक उलटा बसला होता. सगळ्यांनी कागदाची वरची बाजू उत्तर धरली, म्हणून मामांची गल्ली उजवीकडे वाटली; होती डावीकडे. मुंगी रोज सकाळी चौकात जायची ती सुलटी, आणि खुर्चीत बसली की उलटी.

"पाट्या असल्या की असं होणार नाही," मुद्देसाहेब पँटवरचे केस झटकत म्हणाले. आवाजात मात्र जोर नव्हता.

"पाट्या लावणार कोण, साहेब? आपणच. हाच नकाशा बघून."

बोकडाने नकाशाचा कोपरा चावून पाहिला.

"एकदाच," मुंगी म्हणाली. "फळ्या काढून. चहा माझ्याकडून."

पुन्हा तोच टोकाचा जिना, तोच अंधूक बोळ. वर कामगारांनी फळ्या ओढल्या आणि दालनाच्या मधोमध उजेडाचं एक गोल ताट पडलं. पाठोपाठ आवाज उतरले. आधी कानस, मग, "मोडलीत तुम्ही, आणि तोंड माझ्याकडे वाकडं करता होय?" गळतीकाका दचकून मुंगीकडे बघायला लागले.

"मी नाही, काका. ही खरी!"

आणि मग ट्रंपेट. धून वर चढली, वळली आणि अर्ध्यात तुटली. मुद्देसाहेबांची मान आपोआप तिकडे वळली, मागोमाग पोट, मग पाय. "अरेच्चा! मामा इकडे आहेत. म्हणजे डावीकडे!" ते जवळजवळ पळतच गेले. जिना चढून बाहेर आले ते थेट मामांच्या दुकानासमोर.

मुंगीने कबूल केलेला चहा तिथेच आला. मग साहेबांनी कप खाली ठेवला. "काका, कठडा किती उंच केला तर तुम्हाला झोप लागेल?"

"झोप तर मला कशानेच लागत नाही," गळतीकाका म्हणाले. "पण कठडा वीतभर वाढवा, भोवती पन्हळ द्या. आणि गळलं तर माझं नाव घेऊ नका."

"मुद्दा मान्य," साहेब म्हणाले.

भिंतीवरचा नकाशा दुसऱ्याच दिवशी उतरला. नवा लागला त्यात चौक सुलटा आणि स्टेशन तिरकं. त्याच्याकडे बघून मान दुखते अशी साहेबांची तक्रार आहे, पण तो हलवू देत नाहीत.

स्टेशन सुरू झालं त्या दिवशी मुंगी दालनात खांबाला टेकून उभी होती. एक आजोबा गोंधळून थांबले, वरून ट्रंपेट ऐकू आलं, आणि ते त्या दिशेला चालायला लागले. धून अर्ध्यात तुटली. आजोबांनी पुढची शिटीवर पुरी करून टाकली.

एवढ्यात वरून हाक आली, "मुंगे! ए मुंगे!"

सगळ्या दालनाने माना वर केल्या. कठड्यावरून आई वाकून बघत होती, हातात मुंगीचा विसरलेला डबा.

"हा काय इथून टाकू?"

"टाकू नकोस! खाली ये!"

आईने आधी मुंगीकडे पाहिलं, मग दालनभर नजर फिरवली, कोण आलं, कोण गेलं, सगळं नीट पारखून घेतलं. "तिथून मी छत्रीवालीशी बोलले तर तिला ऐकू जाईल?"

"अख्ख्या स्टेशनला ऐकू जाईल!"

"मग येते," आई म्हणाली, आणि मामांच्या बाजूच्या जिन्याकडे निघाली.