त्या पेशंटचं पुढं काय झालं?

दिवाळीनंतरचा एक रविवार. पूर्णेला आमच्या घरी, दुपारच्या जेवणानंतर, आम्ही दोघं मोबाईलवर एक जुनी मालिका बघत बसलो होतो... आणि त्यात मी होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. लग्नाआधी मी नाटकात काम करायचे. एका स्पर्धेत कुणीतरी माझं काम पाहिलं आणि मुंबईला एका मालिकेसाठी बोलावलं. मानसोपचार करणाऱ्या डॉक्टरची मालिका होती ती, दर भागात नवीन पेशंट. एका भागाची पेशंट मी. टीव्हीवरची माझी कारकीर्द तेवढीच. मग लग्न होऊन इकडं आले, शाळेत शिकवायला लागले आणि ते सगळं मागं पडलं...

तो भाग आता कुणीतरी नेटवर टाकलाय. आमच्या मुलीनं, शिल्पानं, पुण्याहून लिंक पाठवली होती.

पण बघायची इच्छा कुणाला होती... हे रेल्वेतून रिटायर झाले आणि हळूहळू मिटत गेले. झोप नाही, जेवण नाही. मित्रांकडं जाणं बंद, फोन वाजला तरी उचलायचे नाहीत.

डॉक्टरचं नाव काढलं की एकच उत्तर. "मी काय येडा हाय का?" एकदा ताटावरून उठताना शांतपणे म्हणाले, "मी नसलो तरी चालतंय तुमचं." त्या दिवसापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. भाजी आणायला गेले तरी धावत घरी यायचे.

त्या रविवारी लिंक उघडली ती यांनी थोडा वेळ माझ्याजवळ बसावं एवढ्यासाठीच.

चित्र धूसर, आवाज खरखरीत. सुती साडी नेसून मी खुर्चीवर बसलेय. आई गेल्यापासून झोप न लागणारी, कुणाशी न बोलणारी बाई. समोर डॉक्टर. ते फार काही करत नाहीत. विचारतात, थांबतात, ऐकतात.

मी आपली स्वतःलाच बघत होते... किती बारीक होते, वगैरे. मग लक्षात आलं, यांनी मोबाईल माझ्या हातातून घेतलाय आणि डोळ्यांजवळ धरलाय.

"नुसतं बोलायलाय की तो डॉक्टर," हे म्हणाले.

"हो. आधी बोलतातच. मग लागल्या तर गोळ्या."

"शॉक बिक न्हाई देत?"

इतके महिने या माणसाला नेमकी कशाची भीती वाटत होती, ते मला तेव्हा कळलं.

भाग संपला. ती बाई पर्स उचलून दाराबाहेर जाते, तिथंच शेवट. यांनी विचारलं, "पुढं बरी झाली का ती?"

माझं काम एका भागाचंच. "माहीत नाही हो. पुढचं लिहिलंच नव्हतं."

यांनी मोबाईल माझ्या हातात परत दिला. मग म्हणाले, "मला बी झोप लागंना झालीय गं. परभणीला कोण चांगला डॉक्टर हाय का बघ."

मी स्वयंपाकघरात जाऊन आधी रडून घेतलं. मग शिल्पाला फोन केला.

दुसऱ्याच दिवशी सकाळच्या गाडीनं परभणीला गेलो. डॉक्टर म्हणजे आमच्या शिल्पाच्या वयाची मुलगी. मी बाहेर बाकावर बसले होते. थोड्या वेळानं आतून यांचा आवाज यायला लागला... सलग. काय बोलले, ते मी आजवर विचारलेलं नाही.

गोळ्या चालू आहेत. लगेच काही बदललं नाही, मधे तर वाटलं सगळं पुन्हा मागं जातंय. पण गेल्या आठवड्यात हे दुपारी खाटेवर गाढ झोपले. शेजारच्या वहिनी गप्पा मारायला आल्या, तर त्यांना मी अंगणातूनच परत पाठवलं. त्यांनीही कारण ऐकून चपला हातात घेतल्या आणि हळूच गेल्या...

हे लिहू का, असं यांना विचारलं. वाटलं होतं, नको म्हणतील. म्हणाले, "लिही. नाव बी लिही माझं. कुणीतरी असंच घरात बसलं असंल."

तर आमच्या यांचं नाव मधुकरराव. आणि ते बरे होतायत... हे वाक्य असं चारचौघांत लिहिता येईल, असं मला दिवाळीत वाटलं नव्हतं.