कलम चार आणि व्होल्मरबाई

व्होल्मरबाईंचा पिवळा कागद माहीत नाही असं घर आमच्या गावात शोधून सापडायचं नाही. आठवीच्या ऑनर्स इंग्रजीला, म्हणजे हुशार म्हणून वेगळ्या काढलेल्या चोवीस पोरांच्या तासाला, पहिल्याच दिवशी तो हातात पडायचा. वर्षाला सहा पुस्तकं. वाचताना समासात पेन्सिलीने टिपणं. दर पंधरवड्याला एक निबंध. सरासरी ऐंशीच्या खाली गेली की नाताळनंतर साध्या वर्गात रवानगी. खाली पोराची सही आणि घरच्यांची सही. एकतीस वर्षांत त्या कागदातला स्वल्पविरामसुद्धा हलला नव्हता. ज्यांनी तेव्हा पोर म्हणून सही केली, ते आता बाप म्हणून करत होते, आणि अजूनही सहीआधी कागद दोनदा वाचायचे!

सगळ्यांत जहाल कलम चौथं. निबंध पहिल्या घंटेच्या आत टेबलावरच्या टोपलीत पडला पाहिजे, नाहीतर शून्य. प्रिंटर बिघडला, बस चुकली, कुत्र्याने खाल्ला, असली रड ऐकून घेतली जाणार नाही.

आता कुणी म्हणेल, काय खाष्ट बाई! तर तसं नाही हो. आर्डिथ व्होल्मर ही डुकरं पाळणाऱ्याची पोर. शाळेत मागच्या बाकावर बसायची आणि तिने नापास होऊ नये, एवढंच सगळ्यांना पुरे होतं. "माझ्याकडून कुणी काही अपेक्षाच ठेवली नाही," ती नवऱ्याला, लेलंडला, सांगायची. "तसला अपमान मी एकाही पोराचा करणार नाही." लेलंड मान डोलवायचा. त्याने हे शंभरदा ऐकलं होतं.

डिसेंबरच्या सुरुवातीला नेब्रास्काच्या हिवाळ्याने आपले रंग दाखवले. रात्रभर बर्फ पडलं आणि शाळा दोन तास उशिरा भरणार असं पहाटेच कळवलं गेलं. गावातली पोरं चालत वेळेवर आली. टोपली भरली, घंटा झाली, आणि घंटेनंतर वीस मिनिटांनी मार्नी होलूब दारात उभी राहिली. नाक लालबुंद, बूट गुडघ्यापर्यंत ओले, निबंध कोटाच्या आत छातीशी धरलेला.

"बाई, आमची बस खडीच्या रस्त्यावर रुतली होती. व्हर्जिलकाकांनी फावड्याने..."

"कलम चार काय म्हणतं, मार्नी?"

"शून्य."

"खाली सही कुणाची?"

"माझी."

"मग बस जागेवर."

बाईंनी निबंध घेतला आणि न वाचता खणात टाकला. न वाचताच! वेळेवर आला नाही तो निबंधच नव्हे, असा त्यांचा हिशोब. मार्नीची सरासरी शहाऐंशीवरून धाडकन पंच्याहत्तरवर आली. सहामाहीचा एकच निबंध उरला होता, आणि त्यात पैकीच्या पैकी पडले असते तरी ती ऐंशीला पोचत नव्हती. म्हणजे पोरगी वर्गातून गेल्यात जमा. वर्गाला कळलं, मार्नीला कळलं, आणि बाईंनाही चांगलंच कळलं. त्या दिवशी त्यांनी डबा अर्धाच खाऊन झाकून ठेवला. पण कलम ते कलम.

शेवटचा निबंध वादाचा होता. बाईंची शिकवायची रीत ठरलेली: आपलं म्हणणं मांडा, पुरावा द्या, मग समोरच्याची बाजू इतक्या प्रामाणिकपणे लिहा की त्याने म्हणावं, "हो, हेच मला म्हणायचं होतं." आणि त्यानंतरच उत्तर द्या. निबंध उभं राहून वाचायचा. ऐकणाऱ्यांनी हरकत घ्यायची, पण पुराव्यासकट. नुसतं "मला नाही पटत" म्हणणाऱ्याला बाई एका नजरेत खाली बसवायच्या.

मार्नी उभी राहिली आणि शीर्षक वाचलं. "कलम चार रद्द करावं."

वर्गातून "ओऽऽ" असा आवाज निघाला. बाईंनी चष्मा नाकावर सरळ केला. "वाच."

पोरीने वाचलं. बस चालवणाऱ्या व्हर्जिलकाकांकडे बसची डायरी असते, ती तिने मागून घेतली होती. तीन हिवाळ्यांत खडीच्या रस्त्यावरची बस अकरा वेळा उशिरा आली. कलम चारचं शून्य मिळालेली नऊ मुलं तिने हुडकून काढली, त्यातली सात त्याच बसची. "म्हणजे हे कलम आमचा अभ्यास तपासत नाही, आमचा रस्ता तपासतं." मग दुसरा पुरावा. त्याच पिवळ्या कागदावर सहावं कलम आहे: तपासलेले निबंध शाळेच्या पाच दिवसांत परत मिळतील. मार्नीने प्रत्येक निबंधावर परत मिळाल्याची तारीख टाकून ठेवली होती. तीनदा आठवा दिवस उजाडला होता, एकदा नववा.

"ह्याबद्दल बाईंना कुणीही शून्य दिलं नाही," मार्नीने वाचलं.

बाईंचे कान तापले. काय हिंमत कार्टीची! त्यांना क्षणभर वाटलं, पुरे म्हणावं. पण पोरीने पान उलटलं, आणि आता समोरच्याची बाजू होती.

"व्होल्मरबाई शून्य देतात ते छळायला नाही. उशीर माफ करायला लागलं, की ज्याला कारण गोड करून सांगता येतं तो सुटतो, आणि ज्याला बोलता येत नाही तो अडकतो. म्हणून त्या कुणाचंच कारण ऐकत नाहीत. त्यांना सगळ्यांना एकच माप लावायचं असतं."

बाई टेबलाची कड धरून बसल्या. एकतीस वर्षं त्यांच्या मनात होतं ते हेच. त्यांनी कधी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, लेलंडलासुद्धा नाही. आणि तेरा वर्षांच्या पोरीने ते त्यांच्यापेक्षा नीट लिहिलं होतं.

"पण सगळ्यांचं घर शाळेपासून एकाच अंतरावर नाही," मार्नीने शेवट केला. "निबंध आदल्या दिवशी तयार होता हे दाखवता आलं, तर तो घ्यावा. माझं शून्य मी परत मागत नाही. मी सही केली होती. मी पुढच्यांसाठी मागते."

"हरकत?" बाईंनी विचारलं.

ट्रेंट आस्मुसचा हात वर गेला. ट्रेंट म्हणजे दंतवैद्याचा मुलगा, वर्गात पहिला, आणि मार्नीशी त्याचं सप्टेंबरपासून जमत नव्हतं.

"शेवट चुकलाय, बाई. कलम आज चुकीचं असेल तर त्या बर्फाच्या दिवशीही चुकीचंच होतं. मग हिचं शून्य कसं राहील? ही एकीकडे म्हणते अन्याय आहे आणि दुसरीकडे म्हणते राहू दे. असं कसं? एक काहीतरी धर ना, मार्नी!"

"तू कुणाच्या बाजूने आहेस रे?" मागून कुणीतरी कुजबुजलं.

"पुराव्याच्या," ट्रेंट म्हणाला. "तिच्या बाजूने अजिबात नाही."

पोरं हसली. बाई हसल्या नाहीत, पण त्यांचा ऊर असा भरून आला की काय सांगावं! वर्गात त्यांना चारी मुंड्या चीत केलं होतं, तेही त्यांच्याच शिकवणीने, आणि दोघांनी मिळून. त्या उठल्या, भिंतीवरच्या पिवळ्या कागदापाशी गेल्या आणि पेनाने चौथ्या कलमावर आडवी रेघ मारली.

"नवं कलम तुम्ही लिहायचं. सोमवारी. आणि सहाव्याला मी उशीर केला, त्याला कारण नाही. मी सांगणारही नाही."

दुपारी चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा रस्सा, आणि दालचिनीचा रोल पुढ्यात निवत असताना त्यांनी खणातला निबंध काढला आणि पहिल्यांदा वाचला. बरा होता. फार काही नाही. मधला भाग सैल, शेवट गुंडाळलेला. दया दाखवायचा मोह झाला नाही असं नाही, पण त्यांनी चौऱ्याहत्तर दिले. वादाच्या निबंधाला शहाण्णव. सरासरी पंच्याऐंशीच्या वर गेली आणि मार्नीची जागा राहिली.

"हरलीस म्हणे आज?" संध्याकाळी लेलंडने विचारलं. गावात बातमी आधीच पोचली होती.

"सपशेल!" आर्डिथ म्हणाली. "अरे, काय पोरगी आहे! काय लिहिते!" आणि जेवण होईपर्यंत ती दुसरं काही बोललीच नाही.

दुसऱ्या दिवशी तास सुटल्यावर मार्नी तो चौऱ्याहत्तरवाला निबंध घेऊन टेबलाशी आली. बाई मनात म्हणाल्या, झालं, आता ह्यावरही वाद.

"गुण बरोबर आहेत, बाई," मार्नी म्हणाली. "मधला भाग खरंच सैल आहे. मी पुन्हा लिहून आणू?"

"अगं, तुझी जागा पक्की झाली. आता त्याने काही वाढणार नाही."

"जागेसाठी नाही. ह्यावर माझं नाव आहे ना."

बाईंनी खुर्ची ओढून दिली, पेन्सिल पुढे केली आणि दोघी पहिल्या ओळीपासून वाचायला लागल्या.